नऊमजलीचं साणं

जळगाव, २ मार्च

लोटन,

तुला एक मोठी बहीण होती, ती अजून आहे. सुनंदा नाव. उजव्या भुवईवर व्रण आहे, तो तुझ्याच गोफणीचा. एवढ्यावरून ओळख पटली नाही तर प्रमिलाबाईला विचार. तुझ्या बायकोला माझं सगळं आठवतं, त्यातही मी तिला काय काय बोलले ते जास्त.

फोन लावला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. पत्र ठेवून दिलंस तरी ते घरातच राहील, आणि तुझा नवल वाचल्याशिवाय राहणार नाही. मला अक्षर येत नाही, ते तुला ठाऊक आहे. मी बोलतेय, माझी सून पुनम लिहितेय. ती धुळ्याची, देवपुरातली. अक्षर मोत्यासारखं, पण माझी वाक्यं दुरुस्त करायची खोड. मी म्हटलं, दुरुस्त करू नको बाई, भावाला वाटेल कुठल्या तरी मास्तरणीचं पत्र आलं.

आता बातमी. माझ्या हितेंद्रने त्याचं ठिबकच्या नळ्यांचं ऑफिस नऊमजलीत नेलं. अगदी वरच्या मजल्यावर. कुठली नऊमजली, असं तोंड करू नकोस. जिनिंगच्या मोकळ्या आवारात उभी राहिली ती. तू जिच्या सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्यास, मी जिची घमेली वाहिली आणि हितेंद्रचे वडील जिथे मुकादम होते, ती.

नवीन ऑफिसची पूजा होती. आरती चालू, सगळ्यांचे डोळे देवावर, माझे छतावर. खोलीच्या मधोमध, वर, हातभर चौकोन. त्यावर काच. काचेतून ऊन सरळ भटजींच्या टकलावर. मी पुनमच्या कानात म्हटलं, "अगं, हे तर साणं!" ती म्हणाली, "म्हणजे काय?" देवपुरात स्लॅबच्या घरात वाढलेली, तिला काय ठाऊक. मी सांगितलं, आमच्याकडे घरावर मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं, घालताना मध्ये मोकळी जागा सोडतात. उजेड खाली येतो, धूर वर जातो, धान्य वरून कणगीत ओततात. पाऊस आला की वर घमेलं पालथं घालायचं. साणं नाही ते घर नाही, ती पेटी.

पण नऊ मजले चढून गेल्यावर, सिमेंटच्या छताला साणं? शहरात कुणी सोडलं असेल? तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तू सेंट्रिंगवाला. तुला माहीत असणार. कळव.

आणि ३० एप्रिलला आखाजीचा सण आहे. लेकीला माहेरी न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो, अशी आपल्याकडे रीत आहे असं मी ऐकून आहे. तू शेवटचा आलास तेव्हा हितेंद्र चड्डीशिवाय फिरत होता. आता त्याची लेक भूमिका कॉलेजात जाते. या वर्षी ये. मला न्यायला जड जात असेल तर साणं बघायला ये.

तुझी अक्का


जळगाव, १५ मार्च

लोटन,

होळी झाली, धुळवड झाली, उत्तर नाही. साक्रीला पोस्ट आहे अजून, मी हितेंद्रकडून खात्री करून घेतली.

तू सांगत नाहीस म्हणून मी स्वतःच विचारत सुटले. हितेंद्र सकाळी ऑफिसला जातो तेव्हा गाडीवर मागे बसते. तो म्हणतो, "आई, तू तिथे काय करतेस?" मी म्हणते, "तुझ्या गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवते." गिऱ्हाईक येतं अकराला. तोवर मी सगळी इमारत पालथी घालते.

जो तो वेगळंच सांगतो. चौथ्या मजल्यावरचे क्लासवाले सर म्हणाले, ते वास्तुशास्त्राप्रमाणे आहे, घराच्या मध्यात आकाश पाहिजे. रक्त तपासणीवाली मुलगी म्हणाली, पूर्वी तिथून टीव्हीची वायर यायची. वॉचमन म्हणाला, वरून चोर आला होता, त्याने पाडलं. मी म्हटलं, चोर नंतर काच पण बसवून गेला का? तेव्हापासून तो मला बघितलं की खुर्ची देतो.

मग तोताराम भेटला. तू इथलं काम सोडून गेलास त्यानंतरचा हा. लिफ्ट चालवायचा. आता लिफ्ट बटणाची झाली, पण हा अजून तिच्या शेजारी स्टूल टाकून बसतो. लोक त्याला मजला सांगतात, तो मान डोलावतो, लोक स्वतःच बटण दाबतात. त्याने मला सगळी कहाणी सांगितली.

लिफ्ट नवी होती तेव्हा खेड्यांतून माणसं नुसती बसायला यायची. बाजाराच्या दिवशी रांग. एक म्हातारी शेळी घेऊन आत शिरली, शेळी सातव्या मजल्यावर अडून बसली, उतरेना. खाली बँक होती. मधल्या मजल्यांवर विम्याची माणसं, वकील, एसटीडीवाला, मग संगणकाचे क्लास. एसटीडीवाला गेला, त्याच्या जागी मोबाइलवाला आला. वकील तेवढे तेच आहेत, फक्त म्हातारे झाले.

आता नीट ऐक. वरच्या मजल्यावरची ती मधली खोली, आता हितेंद्रचं ऑफिस आहे ती, तिला एकही खिडकी नाही. चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या. अशी खोली ओस पडायची. पण त्या साण्यामुळे इमारतीत सगळ्यात आधी तीच भाड्याने गेली! झुलालशेठ म्हणून कापसाचे दलाल होते. कापसाचा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही आणि खिडकीच्या तिरप्या उन्हात फसवतो. वरून पडणारा उजेड पाहिजे. शेठ साण्याखाली काळा कागद अंथरायचे, त्यावर कापूस पिंजून ठेवायचे आणि गुडघ्यावर बसून बघायचे. चोपड्याचा माल, पारोळ्याचा माल, सगळा त्या उजेडात ओळखला गेला. शेठ थकले तेव्हा लताबाई आल्या. शिवणक्लास. तिथल्या बायका साण्याखाली दोरे धरायच्या, साडीचा आणि फॉलचा रंग जुळवायला. मग एक फोटोवाला. त्या खोलीवरून भाडेकरूंची भांडणं व्हायची, तोतारामने दोनदा सोडवली म्हणे. स्वतःच सांगतोय, म्हणजे एकदा सोडवली असतील.

"पण ते सोडलं कुणी?" मी विचारलं.

तोताराम म्हणाला, "अक्का, मी आलो तेव्हा होतंच ते. कुणाची तरी चूक होती असं म्हणतात."

चूक! तुला कसं वाटतं, ऐकून?

अक्का


जळगाव, ३० मार्च, पाडवा

लोटन,

प्रमिलाबाईचा फोन आला. चोरून केला होता, तू गोठ्यात होतास म्हणे. पत्र नवल वाचतो, तू भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा पडतोस. आणि तो थांबला की भिंतीकडूनच आवाज येतो, "पुढे?" मी इतकी हसले की पुनमला वाटलं मला ठसका लागला. ऐक मग पुढे. तोंड भिंतीकडेच राहू दे, कान इकडे कर.

वाईट बातमी आहे. साणं बंद करणार आहेत. मागच्या पावसात काचेच्या कडेने पाणी आलं, पॅसेजभर झालं. इमारतीची कमिटी बसली. पावसाळ्याआधी सिमेंट भरून कायमचं बुजवायचं ठरलं. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझ्या चिरंजिवांचा.

मी म्हटलं, "हितेंद्र, उजेडाचं काय?"

"आई, एलईडी लावतो चार."

"झुलालशेठ एलईडीखाली कापूस बघत होते का?"

"आई, मी कापूस विकत नाही, नळ्या विकतो. काळ्या असतात त्या. कुठल्याही उजेडात काळ्याच दिसतात."

आहे की नाही माझा? उत्तराला उत्तर. पुढे म्हणाला, "ते भोक आहे आई. बुजवलंच पाहिजे." मी म्हटलं, बुजव, पण आखाजीपर्यंत हात लावायचा नाही. त्याने विचारलं, का? मी सांगितलं, माझा भाऊ येणार आहे बघायला. त्याला मामा म्हणजे फक्त त्याच्या लग्नात अक्षतांच्या वेळी रिकामी राहिलेली जागा माहीत. तिथे ऐन वेळी शेजारच्या घरमालकाला उभं केलं होतं आम्ही. शेवटी म्हणाला, "बरं. आखाजीपर्यंत. पण मामा नाही आला तर दुसऱ्या दिवशी मिस्तरी."

तेव्हा तू ठरव. मी काही तुला गळ घालत नाही. पाडव्याची गाठी तेवढी तुझ्यासाठी काढून ठेवली होती, ती मुंग्यांनी नेली.

अक्का


जळगाव, १२ एप्रिल

लोटन,

हे पत्र नवलने मोठ्याने वाचू नये. त्याने तुझ्या हातात द्यावं. तुला चौथीपर्यंतचं वाचता येतं. चष्मा लाव.

मी पिंप्राळ्याला यशोदाबाईकडे गेले होते. आपल्याबरोबर घमेली वाहायची ती, उंच, पुढे दात असलेली. आता लेकीकडे असते. ऐकू कमी येतं, म्हणून तिच्याशी बोललं की सगळी गल्ली ऐकते. तिला आपला जुना काळ विचारला आणि मग साण्यावर आले.

ती म्हणाली, "तुले माहीत नही? वरच्या स्लॅबच्या दिवशी तू नव्हतीस. पोराला गोवर होता तुझ्या."

"मग?"

"मग काय. चौकट तुझ्या भावाने ठोकली होती, मधल्या खोलीवर. सकाळी मुकादम फळ्यांवरून फिरला, सगळं तपासत. चौकटीपाशी आला. पायाने ढोसून बघितली. म्हणाला, लोटन, अजून एक खिळा मार, नाहीतर काँक्रीटचा माल आत उतरेल."

मी तिला हे पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा, त्याहून मोठ्याने सांगितलं.

म्हणजे हितेंद्रच्या वडिलांनी बघितलं होतं. बघून पुढे गेले. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही! त्यांचा जन्म धाब्याच्या घरातला, तुझाही. तू छत ठोकलंस आणि हात आपोआप साण्यावर थांबला. त्यांनी छत तपासलं आणि साणं जागेवर आहे, मजबूत आहे, एवढंच बघितलं. खाली आठ मजले स्लॅबचे झाले, त्यांत नाही सोडलंत, कारण त्यांच्या वर मजला होता. शेवटच्याच्या वर आभाळ होतं. तुम्हा दोघांना वाटलं, आता घर झालं. मला हे समजलं तेव्हा यशोदाबाईच्या ओट्यावर हसू आलं, आणि ते पुढे नीट हसूच राहिलं नाही.

दुपारी इंजिनिअर आला, तोवर चौकटीभोवती माल ओतून झाला होता. पुढचं तुला माहीत आहे, मला कालपर्यंत नव्हतं. तो ओरडला, हे कुणी सोडलं, नकाशात कुठे आहे? यशोदाबाई म्हणते, सगळे मजूर उभे, घमेली हातात. तू मुकादमाकडे बघितलंस. मुकादमाने खाली बघितलं. बराच वेळ. मग तू सगळं स्वतःवर घेतलंस, म्हणालास, "मी करं."

ठेकेदाराने तुला तिथल्या तिथे जायला सांगितलं. तू हातोडी, करवत गोळा केलीस आणि उतरलास.

घरी येऊन ते मला म्हणाले होते, "तुझा भाऊ तापट आहे. काम सोडून गेला." मी ते खरं धरलं, कारण तू तापट आहेसच. आणि तू माझ्याकडे का येत नाहीस, ते मी तुला विचारत राहिले आणि तू फोन ठेवत राहिलास. तू माझ्यावर रुसला आहेस असं मी समजत होते. तू त्यांच्या एका वाक्याची वाट बघत होतास. ते माझ्या घरात होते आणि मी त्यांच्या घरात.

ते वाक्य ते बोलले नाहीत आणि आठ वर्षांपूर्वी गेले. आता त्यांच्यातर्फे मी काही बोलणार नाही, मेलेल्या माणसाच्या तोंडात घास घालता येत नाही तसे शब्दही घालू नयेत. पुनमने इथे पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, घे, अजून आहे.

तोतारामला मी काल पुन्हा गाठलं. म्हटलं, मुकादम जीवराम इकडे कधी यायचे का? तो म्हणाला, "यायचे ना. आखाजीच्या आसपास. वर घेऊन चल म्हणायचे. शिवणक्लासच्या बायकांना वाटायचं, कुणाला न्यायला आलेत. दारात उभे राहून वर बघायचे, मग म्हणायचे, चल खाली." मला घरी सांगायचे, बाजारात जाऊन येतो. रिकामी पिशवी घेऊन परत. मी भांडायचे त्यांच्याशी, की अर्धा दिवस घालवून साधा कांदा आणता येत नाही.

एवढं मला कळलं. ते तुला सांगायचं होतं. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. पण ती चूक होती असं मात्र मी यापुढे कुणाला म्हणू देणार नाही.

अक्का


जळगाव, २० एप्रिल

लोटन,

उत्तर नाही. फोनही नाही, प्रमिलाबाईचाही नाही. दहा दिवसांवर आखाजी आली. मिस्तरी येऊन माप घेऊन गेला, सिमेंटच्या दोन पिशव्या गच्चीवर येऊन पडल्या. शेजारणीचा भाऊ काल तिला न्यायला आला, तिने मला दाखवायला मुद्दाम त्याला आमच्या दारावरून दोनदा फिरवला.

मी पिशवी भरून ठेवली आहे असं समजू नकोस. लुगडी नुसती उन्हाला घातली आहेत.

अक्का


जळगाव, २६ एप्रिल

लोट्या,

हो, लोट्याच. लोटन म्हणायची तुझी लायकी राहिली नाही.

परवा रात्री जेवताना हितेंद्र म्हणाला, "आज ऑफिसला एक म्हातारबाबा आले होते. मला वाटलं वॉटरप्रूफिंगवाल्याने पाठवले. टोपी काढून हातात धरली आणि वर बघत उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात."

मी म्हटलं, "मग?"

"मग मी म्हटलं, बाबा, हेच ते भोक, हे बुजवायचं. तर माझ्यावरच डाफरले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भोक नही शे ते. सानं शे."

मी वाढता वाढता आमटीची पळी भातात न घालता भूमिकाच्या पाण्याच्या पेल्यात घातली.

"अजून काय म्हणाले? सगळं सांग."

"म्हणाले, बंद करनं व्हई त करा. मन्हं काही म्हननं नही. पन भोक म्हनू नका. मग मी चहा मागवतो म्हटलं, तर थांबले नाहीत. त्या उजेडात एकदा हात धरला, उलटा-सुलटा करून बघितला आणि निघाले. लिफ्टही नको म्हणाले. जिन्याने उतरले, नऊ मजले."

मी म्हटलं, "हितेंद्र, तो तुझा मामा."

तो घास तोंडात धरून बसला. "मामा? मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"तू विचारलंस का?"

"अगं पण मी त्यांना मिस्तरी समजलो!"

भूमिका म्हणाली, "पप्पा, मिस्तरीच आहेत ते." पोरगी हुशार आहे. मग मी त्याला सगळं सांगितलं, यशोदाबाईचं, तोतारामचं, त्याच्या बापाचं. पत्रं पुनमनेच लिहिलेली असल्यामुळे ती मध्ये मध्ये माझ्या आधीच पुढचं सांगत होती. हितेंद्र उठला. हात धुवायला गेला तो बराच वेळ तिकडेच होता.

काल कमिटी बसली. तोतारामने येऊन मला सगळं सांगितलं, कारण कमिटी लिफ्टच्या शेजारच्या खोलीत बसते आणि याचं स्टूल दाराला चिकटून. हितेंद्र सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, "वरचं ते साणं माझ्या मामाने सोडलं आहे. माझ्या वडिलांनी तपासून पास केलं होतं. चूक नव्हती ती कुणाची. आमच्या गावाकडे छत असंच पूर्ण होतं." क्लासवाले सर म्हणाले, पण पाण्याचं काय? हितेंद्र म्हणाला, काच नवी बसवू, कडेने कट्टा उचलू, खर्च मी करतो. उजेडाला सगळेच मिंधे होते, कुणी आडवं आलं नाही. सिमेंटच्या पिशव्या खाली उतरवल्या.

म्हणजे जे तुझ्या मेव्हण्याने खाली बघून गिळलं, ते त्याच्या पोराने सगळ्यांसमोर सांगितलं. उशिरा, पण सांगितलं. तू तिथे नव्हतास, म्हणून मी तुला ते जसंच्या तसं लिहून पाठवते आहे. पुनमला एकही शब्द दुरुस्त करू दिला नाही.

आता तुझ्याकडे वळते. जळगावला आलास. नऊ मजले चढलास, नऊ उतरलास. माझ्या घरापर्यंत रिक्षाला दहा मिनिटं लागतात. मुऱ्हाळी आला आणि लेकीला न घेता परत गेला, असं सगळ्या खान्देशात कधी झालं नसेल! का नाही आलास? दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचलं नाही? मला तरी कुठे सुचलं असतं. मी तुझी टोपी ओढली असती, बस.

तेव्हा ऐक. मुऱ्हाळी येत नाही म्हणून लेकीने माहेर सोडायचं असं कुठे ठरलेलं नाही. मीच येते. २९ तारखेला सकाळच्या गाडीने निघेन, दुपारी धुळ्याच्या स्टँडवर. तिथून साक्रीच्या गाडीत मी एकटी चढणार नाही. तू घ्यायला ये. नवल नको, त्याच्या हातात नुसता मोबाइल असतो. तू.

येताना प्रमिलाबाईकडून कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा बांधून आण. कांदा अख्खा आण, चिरून आणू नकोस, बसमध्ये वास येतो आणि लोक माझ्याकडे बघतात. भाकरी दोन माणसांपुरती. माझ्यासमोर बसून तू जेवल्याशिवाय मी स्टँडवरून हलणार नाही.

तुझी अक्का